लस झालीय? तारीख सांगा!

कुत्रं चावल्यावर मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "काही काळजी करू नका, आमच्या टॉमीला लस झालीय." साताऱ्यात सदर बझारला चावू दे, सांगलीत विश्रामबागेत चावू दे, नाहीतर विट्याजवळच्या एखाद्या मळ्यात, वाक्य हेच. ज्याला चावलं तोही त्यावर विसंबतो, जखमेवर हळद दाबतो आणि घरी जातो. या आठवड्यात माझं भांडण या एका वाक्याशी आहे. ते बहुतेक वेळा खरं असतं, पण अर्धं असतं. कधी झाली, कितवी झाली, कोणी टोचली आणि ती बाटली कुठल्या फ्रीजमधून आली, हे मालक सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

आधी लशीच्या बाजूनं बोलतो, कारण तिच्यावर अविश्वास दाखवणारेही पारावर कमी नाहीत. "टोचून काय उपयोग, पिसाळायचं ते पिसाळतंच," असं ठासून सांगणारा एक तरी गावात असतो. त्याच्यासाठी अमेरिकेतला एक अभ्यास सांगतो. १९९७ ते २००१ या पाच वर्षांत तिथं रेबीज झालेल्या पाळीव जनावरांची कागदपत्रं संशोधकांनी तपासली. २६४ कुत्री आणि ८४० मांजरं. यातल्या १३ कुत्र्यांना आणि २२ मांजरांना आयुष्यात कधीतरी रेबीजची लस टोचलेली होती. आणि ज्यांची लस त्या वेळी मुदतीत होती, अशी किती? कुत्री दोन, मांजरं तीन. तिथल्या बहुतेक राज्यांत कुत्र्याला ही लस कायद्यानं सक्तीची आहे. म्हणजे लस घेतलेली कुत्री कोट्यवधी, आणि पाच वर्षांत मुदतीतली लस असूनही पिसाळलेली दोन. इतकं काम करणाऱ्या लशी पशुवैद्यकात फार थोड्या आहेत. पारावरच्या त्या माणसाला हा आकडा पाठ करून सांगा.

पण त्याच आकड्यांत एक दुसरी गोष्ट आहे आणि मला तीच जास्त लागते. १३ पैकी ११ कुत्री आणि २२ पैकी १९ मांजरं अशी, की त्यांच्या मालकांनी एकदा डॉक्टरांची पायरी चढली होती, पैसे भरले होते, कार्डावर शिक्का घेतला होता. आणि तरी लस मुदतीत नव्हती. त्यातला प्रत्येक मालक शेजाऱ्याला हेच म्हणाला असणार, की आमच्याला लस झालीय.

तारखेला एवढं महत्त्व का, ते विषाणूच्या चालीत आहे. रेबीजचा विषाणू रक्तातून धावत नाही. चावल्या जागी स्नायूत काही काळ राहतो, वाढतो, मग नसेत शिरतो आणि नसेच्या आतून मेंदूकडे निघतो. माणसात या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. क्वचित आठवड्यात आटपतं, क्वचित वर्ष उलटतं. लशीनं रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं त्याला गाठू शकतात ती तो नसेत शिरायच्या आधी. एकदा तो मेंदूत पोचला आणि लक्षणं दिसू लागली, की कुत्रा असो, मांजर असो, म्हैस असो नाहीतर माणूस, जगातल्या कुठल्याही दवाखान्यात खात्रीचं औषध नाही. म्हणून प्रतिपिंडं आधीपासून रक्तात हजर पाहिजेत. गेल्या वर्षी होती, यंदा टोचायची राहिली, या हिशेबाला विषाणू सवलत देत नाही.

लस टोचली त्याच संध्याकाळी कुत्रं सुरक्षित झालं, असंही नाही. पहिल्या डोसानंतर प्रतिपिंडं पुरेशी चढायला साधारण चार आठवडे जातात. तोवर त्याला गल्लीत मोकळं सोडू नये. आणि पहिला डोस हा पहिलाच असतो. काही जनावरांत त्यानं प्रतिपिंडं पुरेशी चढत नाहीत, काहींत चढतात आणि लवकर उतरतात. परदेशी नेल्या जाणाऱ्या कुत्र्या-मांजरांचं रक्त तपासतात, तेव्हा एका मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट ही पास होण्याची रेघ असते. ब्रिटन आणि स्वीडनमध्ये अशा हजारो नमुन्यांचा हिशेब मांडला गेला. त्यात नापास होणाऱ्यांत लहान वयाची आणि मोठ्या अंगाच्या जातींची कुत्री जास्त निघाली. ज्यांना दुसरा डोस मिळाला होता ती सहसा पास झाली. आपल्याकडे बंगल्याच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी लावून ज्या धिप्पाड जाती पाळल्या जातात, त्यांच्या मालकांनी हे नीट वाचावं. डॉक्टर पहिल्या लशीनंतर काही आठवड्यांनी परत बोलावतात, त्यामागं हे कारण आहे. त्यावर "पैसे काढायचे धंदे" म्हणून नाक मुरडणाऱ्या मालकानं निदान स्वतःच्या पोरांकडे बघून तरी जावं.

आता पिल्लांकडे येतो, कारण खरी फसगत इथं होते. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला सहसा रेबीजची लस देत नाहीत. आईला लस असेल तर तिच्या चिकातून पिल्लाला प्रतिपिंडं मिळालेली असतात आणि ती लशीलाच निष्प्रभ करू शकतात, हे त्यामागचं शास्त्र. पुस्तकात हे बरोबर आहे. पण आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत रस्त्याकडेच्या पोत्यावर व्यायलेल्या कुत्रीला लस कोणी दिली होती? तिच्या चिकात रेबीजविरुद्ध काहीच नाही. म्हणजे ते पिल्लू जन्मापासून तीन महिने पूर्ण उघडं, आणि नेमक्या याच वयात पोरं ते उचलून घरी आणतात, कुशीत घेऊन झोपतात, त्याचे सुईसारखे दात बोटात रुततात तेव्हा हसतात. २०२५ साली उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यात एका तरुण कबड्डीपटूनं नाल्यात पडलेलं पिल्लू बाहेर काढलं. ते बोटाला चावलं. पिल्लूच तर आहे म्हणून त्यानं लस घेतली नाही. पुढं तो रेबीजनं गेला. जागतिक आरोग्य संघटना तर सांगते, की सामूहिक लसीकरणात तीन महिन्यांखालची पिल्लंही टोचून घ्या आणि पुढं वयात आल्यावर परत टोचा. आपल्या शिबिरांत मात्र पिल्लू आणलेल्या पोराला "मोठं झालं की आण" म्हणून परत पाठवतात. ते पोरगं परत येत नाही.

दुसरी फसगत कार्डावरची. आपल्या ओळखीतल्या कुठल्याही घरातलं कुत्र्याचं कार्ड हातात घ्या. घडी पडून मधे फाटलेलं, एका कोपऱ्यावर दुधाचा डाग. आत छोटे रंगीत स्टिकर चिकटवलेले असतात. त्यावर लशीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत, बाजूला डॉक्टरांची सही, आणि शेवटच्या रकान्यात पुढची तारीख. मालक एका स्टिकरवर बोट ठेवून सांगतो, "नाईन इन वन झालंय, सगळं आलं त्यात." सगळं आलेलं नसतं. डिस्टेंपर, पार्व्हो, कावीळ, लेप्टो असे आजार त्यात येतात. बहुतेक नाईन इन वन लशींत रेबीज नसते. तिची बाटली वेगळी, टोचणी वेगळी, स्टिकर वेगळा. कार्डावर 'रेबीज' किंवा 'रक्षारॅब', 'नोबिवॅक रेबीज' असं नाव स्वच्छ छापलेला स्टिकर नसेल, तर त्या कुत्र्याला रेबीजची लस झालेली नाही असंच धरून चाला. हे सांगायला पशुवैद्य लागत नाही. वाचता येणारं चौथीतलं पोरगंही सांगेल.

तिसरी फसगत बाटलीची. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. तापली तर तिचा जोर जातो, आणि बर्फात गोठली तरी ती वाया जाते. जत, आटपाडी, माण या पट्ट्यात चैत्र-वैशाखात पारा चाळिशी गाठतो. अशा दुपारी तालुक्याच्या मेडिकलमधून बाटली घ्यायची, शर्टाच्या खिशात टाकायची, मोटारसायकलवर पाऊण तास वस्तीवर जायचं आणि ओळखीच्या कोणाकडून तरी टोचून घ्यायची, हे मी पाहिलेलं आहे. बाटली बिघडली हे बघून समजत नाही. पाणी तसंच दिसतं, वासही येत नाही. कुत्र्याला सुई लागते, ते एकदा केकाटतं, आणि घरात सगळ्यांना वाटतं काम झालं. गावोगावच्या दवाखान्यांतही वीज गेल्यावर फ्रीजचं काय होतं, याची नोंद ठेवणारी वही असली पाहिजे आणि ती मागून बघण्याचा हक्क मालकाला असला पाहिजे. माणसांच्या लशीबाबत आपण आता हे विचारायला शिकलो आहोत. जनावराच्या लशीबाबत कोणी विचारलं, तर समोरचा चमकून बघतो.

मांजरांबद्दल तर आपल्याकडे बोलणंच नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांच्या थप्प्यांवर, तासगावात बेदाण्याच्या गोदामात, वाईच्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, किराणा दुकानातल्या गुळाच्या ढेपेशेजारी, सगळीकडे मांजर आहे. उंदरांसाठी ते लागतंच. त्याला दूध मिळतं, माशाचं डोकं मिळतं, नाव मिळतं. लस मिळत नाही. "मांजराला कुठं रेबीज होतो" हे मी शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. होतो. मांजराला तो मुख्यतः दुसऱ्या जनावराच्या चाव्यातून मिळतो, आणि रात्री कौलांवरून चार गल्ल्या फिरून पहाटे अंथरुणात शिरणाऱ्या बोक्याला तसा चावा मिळायला वेळ लागत नाही. अमेरिकेत आज पाळीव जनावरांत रेबीज सगळ्यात जास्त मांजरांत सापडतो, कुत्र्यांत नव्हे. कारण तिथं कुत्र्यांना लस सक्तीची झाली आणि मांजरं मागं राहिली. गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे, कारण रक्ताच्या त्या तपासण्यांत मांजरं कुत्र्यांपेक्षा जास्त प्रमाणात पास झाली होती. लस मांजराला उत्तम लागू पडते. आपण ती देतच नाही.

मग लस झालेलं कुत्रं चावलं तर काय करायचं? इथं मला एकही शब्द मऊ करायचा नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, तिखट, तंबाखू, राख यातलं काही नाही. आणि त्याच दिवशी दवाखाना. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलेलं आहे, की चावणाऱ्या जनावराला लस झाली होती ही माहिती म्हणजे ते पिसाळलेलं नसल्याची हमी नव्हे. लस नीट टोचली गेली नसेल, तिचा दर्जा चांगला नसेल, जनावर अशक्त असेल, एकच डोस झाला असेल. म्हणून माणसाची लस लगेच सुरू करायची आणि सोबत त्या कुत्र्यावर किंवा मांजरावर दहा दिवस नजर ठेवायची. दहा दिवस ते ठणठणीत राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, हे पक्कं होतं, आणि पुढचे डोस थांबवायचे का ते डॉक्टर ठरवतात. हे दहा दिवस मोजायचे तर कुत्रं जिवंत आणि डोळ्यांसमोर पाहिजे. चावल्याबरोबर काठ्या घेऊन त्याला ठार मारणारे लोक स्वतःचाच पुरावा मारतात.

सरकारी रुग्णालयात माणसाची ही लस फुकट मिळते. सांगलीच्या, मिरजेच्या, साताऱ्याच्या सिव्हिलला, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, आणि बहुतेक ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही. दंडावर, कातडीत, चार वेळा: पहिल्या दिवशी, आणि तिथून पुढं तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. रक्त आलं असेल तर जखमेत रेबीजविरोधी सिरम भरावं लागतं, ते मागून घ्या. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची दहशत अजून आपल्या घरांत आहे. आजोबा सांगतात, काका सांगतात, आणि नातू दवाखान्यात जायला भितो. ती जुनी लस आपल्या देशात दोन दशकांपूर्वीच बंद झाली. आजोबांना हे कोणीतरी शेजारी बसून नीट सांगा.

पण माणसाची लस ही शेवटची भिंत आहे. २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या कोल्हापुरात भटकं कुत्रं चावलेली एक तरुणी लशीचे डोस घेऊनही वाचली नाही. असं फार क्वचित होतं. पण त्या घराला क्वचित हा शब्द काय कामाचा? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरातल्या पाहणीचा अंदाज आहे, की आपल्याकडे वर्षाला ५,७२६ माणसं रेबीजनं मरतात आणि ९० लाखांवर लोकांना जनावरं चावतात. त्यातले तीन चतुर्थांश चावे कुत्र्यांचे. पहिली भिंत कुत्र्याच्या मानेवर उभी राहते, माणसाच्या दंडावर नव्हे.

उलटी वेळ आली, म्हणजे पिसाळलेल्या जनावरानं तुमच्याच लस झालेल्या कुत्र्याला फोडलं, तर? तर "त्याला लस आहे" म्हणून गप्प बसू नका. जखम तशीच धुवा, हातात मोजे घालून, आणि पशुवैद्याकडे जाऊन लगेच बूस्टर घ्या. आधीची लस मुदतीत असेल तर बूस्टरनंतर प्रतिपिंडं काही दिवसांतच झपाट्यानं चढतात. लसीकरणाचा खरा फायदा हाच: शरीराला आधीचा शत्रू आठवतो. मग काही आठवडे बांधून ठेवून लक्ष ठेवायचं. लस कधीच नसेल तर गोष्ट फार अवघड होते. आपल्याकडे डॉक्टर पाच डोसांचा कोर्स देतात, पण खात्री कोणी देत नाही. आणि घरात लहान मूल असेल तर निर्णय काळीज पिळवटणारा असतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. पिसाळलेलं कुत्रं म्हणजे लाळ गाळत, दिसेल त्याला चावत धावणारं, असं चित्र आपल्या डोक्यात बसलंय. अर्ध्या गोष्टी त्या चित्रात येत नाहीत. रेबीजचा एक मुका प्रकार आहे. कुत्रं अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतं, खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही, आवाज बदलतो. मालकाला वाटतं घशात हाड अडकलं. तो मायेनं त्याच्या तोंडात हात घालतो. म्हशीचंही असंच. ती चारा टाकते, लाळ गाळते, विचित्र हंबरते, आणि गोठ्यातला माणूस घशात काही अडकलं का म्हणून कोपरापर्यंत हात आत घालतो. पुढं ती म्हैस रेबीजनं मेल्याचं कळतं आणि सगळी वाडी 'आम्ही तिचं दूध प्यालो' म्हणून आरोग्य केंद्रासमोर रांग लावते. उकळलेल्या दुधातून हा रोग होत नाही, उकळताना विषाणू मरतो. धोका दूध पिणाऱ्यापेक्षा हात घालणाऱ्याला असतो, आणि तो माणूस बऱ्याचदा रांगेत उभाच नसतो. तो रानात कामाला गेलेला असतो.

आता मोठ्या हिशेबाकडे. एका कुत्र्याची लस एका घराला वाचवते. एखाद्या भागातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस असेल तर विषाणूला एका कुत्र्यातून दुसऱ्यात जायला वाटच उरत नाही आणि साखळी तुटते. जपाननं १९५० साली कुत्र्यांची नोंदणी आणि लस कायद्यानं सक्तीची केली. १९५७ मध्ये तिथला रेबीज संपला. मेक्सिकोला २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कुत्र्यांपासून होणाऱ्या मानवी रेबीजमृत्यूंतून मुक्त ठरवलं. आणि इतकं लांब जायचं नसेल तर गोव्यात जा. 'मिशन रेबीज' ही संस्था आणि गोवा सरकार यांनी २०१४ पासून घरोघर आणि रस्तोरस्ती कुत्री टोचली. दारात बांधलेली हातानं धरून, मोकाट जाळ्यानं पकडून, आणि प्रत्येक टोचणीची नोंद मोबाईलवर. सत्तर टक्क्यांची रेघ गाठली, कुत्र्यांतला रेबीज ९२ टक्क्यांनी घसरला, आणि २०१८ ते २०२० या तीन वर्षांत माणसाचा एकही बळी गेला नाही. तेव्हा गोव्यात जिल्हे दोनच होते. सातारा-सांगली हेही दोनच. माणसं आपली गोव्याच्या चौपट, हे मान्य. पण शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे, गावोगाव जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, लाळ्या-खुरकताच्या लशीसाठी गोठ्यागोठ्यात जाणारी माणसं आहेत. ती माणसं गोठ्यात गायीला टोचतात, आणि गोठ्याच्या दारात बसलेलं कुत्रं तसंच राहतं. त्याच फेरीत, त्याच बर्फाच्या डब्यात रेबीजच्या बाटल्या का नाहीत? हा प्रश्न दोन्ही जिल्हा परिषदांच्या सभागृहात कोणीतरी उभं राहून विचारायला हवा.

पाळीव आणि भटकं ही शहरातली विभागणी इथं चालतच नाही. सर्वोच्च न्यायालयात २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांवरून जे रान उठलं, त्यात दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर महानगरातली कॉलनी होती. आपल्याकडचं बहुतेक कुत्रं वस्तीचं असतं. रात्री ते एका घराच्या ओट्यावर झोपतं, दुपारी दुसऱ्या घरात भाकरी खातं, उसात कोल्ह्यामागं धावतं, मुंगसाशी भांडतं, आणि हे दोन्ही प्राणी रेबीज बाळगू शकतात. भाकरीला त्याला चार मालक आहेत. सुईला एकही नाही. नगरपालिकेची गाडी निघते ती भटक्यांसाठी, खासगी दवाखाना चालतो तो पट्टेवाल्यांसाठी, आणि मधलं हे लाखमोलाचं राखणदार जनावर दोन्हीकडून सुटतं.

त्यातही सगळ्यात जास्त फिरणारी कुत्री धनगरांची. माण, खटाव, आटपाडी, जत. माडग्याळी मेंढ्यांच्या कळपाभोवती रात्री पहारा देणारी, गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातलेली, कारवान रक्ताची उंच, सडपातळ कुत्री मी म्हसवडच्या माळावर पाहिली आहेत. लांडग्यानं किंवा बिबट्यानं मानेला धरू नये म्हणून तो पट्टा. मेंढपाळ त्याचे खिळे स्वतः ठोकून घेतो, बोथट झाले की बदलतो. मेंढ्यांना आंत्रविषाराची लस कधी, देवीची कधी, हे त्याला महिन्यासकट पाठ असतं. कुत्र्याच्या रेबीजच्या लशीबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "ती कोण देतंय आम्हाला?" त्याच्या उत्तरात तक्रार नव्हती. कोणी कधी विचारलंच नव्हतं.

दिवाळीनंतर हे कळप घाट उतरतात, किंवा पश्चिमेकडे बागायतीत उसाच्या रानांत बसायला जातात, आणि पावसाच्या तोंडावर माघारी येतात. याच दिवाळीच्या सुमाराला बीड-धाराशिवकडच्या ऊसतोड टोळ्या कुत्र्यांसकट आपल्या भागात येतात आणि भुईंजपासून साखराळ्यापर्यंत कारखान्यांच्या तळांवर उतरतात. म्हणजे जनावरांची सगळी ये-जा दिवाळीनंतर सुरू होते. जागतिक रेबीज दिन २८ सप्टेंबरला असतो, पाश्चरच्या पुण्यतिथीला. तेव्हा मेंढपाळ आपापल्या गावात असतो, दिवाळी महिनाभरावर असते, आणि चार आठवड्यांत प्रतिपिंडं चढतात. माणदेशात आणि जतच्या पूर्वभागात लशीची गाडी सप्टेंबरात माळावर गेली पाहिजे, तालुक्याच्या दवाखान्यात बॅनर लावून वाट बघत बसायची नाही. ऊसतोडीच्या तळांवर ती गळीत हंगामाच्या पहिल्या आठवड्यात पोचली पाहिजे, आणि त्या बाटल्यांचे पैसे कारखान्यानं भरावेत. टोळीचा करार करताना मुकादमाकडून कोयते आणि बैल मोजून घेतात. कुत्रीही मोजून घ्या, प्रत्येकाला लस द्या आणि तारीख करारावरच लिहा.